वर्डमधलं स्प्लिट आणि न्यू विंडो: दुसरी विंडो म्हणजे दुसरी फाइल नव्हे

तीनशे पानांचा प्रबंध तपासताना लोक माउसचं चाक फिरवत पान १२ वरून पान २४० वर जातात, तिथलं एक वाक्य बघतात आणि पुन्हा चाक फिरवत वर येतात. वर येईपर्यंत वाक्य डोक्यातून गेलेलं असतं, की पुन्हा खाली. ही कवायत वाचवणाऱ्या दोन सोयी वर्डच्या ‘व्ह्यू’ टॅबवर शेजारीशेजारी आहेत: स्प्लिट आणि न्यू विंडो. पहिली लोक वापरतात. दुसरीला उगाच घाबरतात.

स्प्लिटवर फार बोलायला नको. बटण दाबलं, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं, की पडद्याचे आडवे दोन भाग होतात. वर अनुक्रमणिका, खाली सहावं प्रकरण; दोन्ही आपापले सरकतात. वरच्या भागात आउटलाइन व्ह्यू आणि खाली प्रिंट लेआउट, असंही चालतं. एफ-सिक्सने या भागातून त्या भागात जाता येतं, आणि मधल्या रेघेवर डबल क्लिक केलं की स्प्लिट गेलं. तोटा एकच: उभं स्प्लिट वर्डमध्ये नाहीच. रुंद पण बुटक्या लॅपटॉपवर रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, उघडी ठेवून स्प्लिट केलं, तर प्रत्येक भागात आठ-दहा ओळी उरतात. एवढ्यात सलग मजकूर वाचवत नाही. कंट्रोल आणि एफ-वनने रिबन मिटवून थोडी जागा मिळते. तरी माझ्या मते स्प्लिट एखादं कोष्टक किंवा व्याख्या डोळ्यांसमोर ठेवण्यापुरतंच बरं.

आता न्यू विंडो. हे बटण दाबल्यावर तोच दस्तऐवज दुसऱ्या विंडोत उघडतो आणि टायटल बारवर फाइलच्या नावापुढे १, २ असे आकडे दिसू लागतात. घोळ इथेच होतो. आकडा दिसला की माणसाला वाटतं, प्रत निघाली. मग प्रश्न सुरू: खरी कुठली, सेव्ह कुठली करायची, आणि एकीतल्या दुरुस्त्या दुसरीत कशा न्यायच्या?

कुठेच न्यायच्या नाहीत. फाइल एकच आहे. क्रिकेटच्या सामन्यावर दोन कॅमेरे लावलेले असावेत, तसं हे आहे. एक कॅमेरा बंद केल्याने खेळ थांबत नाही. एका विंडोत ‘संदर्भसूची’मधली वेलांटी सुधारलीत, तर दुसऱ्या विंडोत ती त्याच क्षणी सुधारलेली दिसते. सेव्ह कुठूनही करा, एकाच फाइलवर होतं. कंट्रोल-झेडचंही तेच. अनडूची, म्हणजे मागे घेता येणाऱ्या बदलांची, यादी दस्तऐवजाची असते, विंडोची नसते. म्हणून पान २४० च्या विंडोत बसून कंट्रोल-झेड दाबलंत आणि शेवटचा बदल पान १२ वर केलेला असेल, तर पान १२ वरचाच बदल मागे जातो. न्यू विंडोत सांभाळायचं असलं तर एवढंच.

आणखी एक गोष्ट लोकांच्या पोटात गोळा आणते: दोनपैकी एक विंडो बंद केली तर वर्ड ‘सेव्ह करू का’ असं विचारत नाही. काम गेलं असं समजून लोक हादरतात. दस्तऐवज दुसऱ्या विंडोत उघडाच आहे, मग विचारायचं कशाला? शेवटची विंडो बंद करताना विचारेल.

या भीतीपोटी काही जण ‘सेव्ह ॲज’ करून ‘फायनल २’ नावाची फाइल काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवून काम करतात. याचा मला खरोखर राग येतो. तिथे मात्र दोन वेगळ्या फाइली झालेल्या असतात, दुरुस्त्या दोन्हीकडे विखुरतात, आणि शेवटी ‘रिव्ह्यू’ टॅबवरचं ‘कंपेअर’ चालवून त्या निस्तराव्या लागतात. जुना आणि नवा खर्डा ताडून बघायचा असेल तेव्हा कंपेअर उत्तमच. पण एकाच मजकुराची दोन पानं बघण्यासाठी प्रत काढायची गरज नसते.

विंडो शेजारी लावायला लोक ‘व्ह्यू साइड बाय साइड’ दाबतात आणि नवी तक्रार घेऊन येतात: इकडे सरकवलं की तिकडचं पानही पळतं. ते बटण दोन खर्डे ओळीने ताडण्यासाठी आहे, म्हणून त्यासोबत ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ आपोआप चालू होतं. ते बंद करा. नाहीतर त्या बटणाच्या वाटेलाच जाऊ नका: विंडोज कीसोबत डावा बाण दाबून एक विंडो डावीकडे लावा, उजवा बाण दाबून दुसरी उजवीकडे. मी हेच करतो.

वर्डसारख्याच लिब्रे ऑफिस रायटरमध्ये स्प्लिट नाही, पण ‘विंडो’ मेनूत न्यू विंडो आहे आणि ती अशीच वागते. गुगल डॉक्समध्ये तोच दस्तऐवज ब्राउझरच्या दुसऱ्या विंडोत उघडायचा. तिथे तुमचाच दुसरा कर्सर पाहुण्यासारखा दिसतो. त्याला हाकलायच्या भानगडीत पडू नका.