नाकेबंदीतून निसटलेली पत्रे

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. १ जूनपासून पोस्टमास्टर जनरल जॉन रेगन यांनी दक्षिणेचे स्वतंत्र टपालखाते चालवायला घेतले खरे. पण दक्षिणेला एकाही देशाने राष्ट्र म्हणून मान्यता दिली नाही, त्यामुळे तिची तिकिटे सरहद्दीपलीकडे कुचकामी होती. मग लंडनचे पत्र नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन बंदराला पोचायचे कसे?

वाट होती ब्रिटिश वसाहतींतून. पत्र एका पाकिटात आणि ते पाकीट दुसऱ्यात. बाहेरच्यावर बहामातल्या नॅसॉच्या किंवा बर्म्युडातल्या सेंट जॉर्जेसच्या एखाद्या पेढीचा पत्ता. पेढीवाला वरचे पाकीट काढून आतले जहाजाच्या कप्तानाकडे देई. ही जहाजे बुटकी, राखाडी रंगाची. धूर दिसू नये म्हणून अँथ्रासाइट कोळसा जाळणारी. अंधाऱ्या रात्री विल्मिंग्टनच्या केप फिअर नदीचे मुख गाठले, की दक्षिणेच्या फोर्ट फिशर किल्ल्याच्या तोफांचा आसरा मिळे. खरा धंदा येताना बंदुका आणि जाताना कापूस. (हाच कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पुरेना, म्हणून मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचे दिवस आले.)

बंदरात पत्रावर ‘शिप’ असा शिक्का पडे. जहाजाचे २ सेंट आणि जुलै १८६२ पासून देशांतर्गत दराचे १० सेंट, म्हणून पुढच्या गावी जाणाऱ्या पाकिटावर ‘१२’ हा आकडा दिसतो. संग्राहक तोच आधी शोधतात. बाहेर जाणाऱ्या पत्रांचे कोडे जास्त अवघड. त्यांवर सहसा दक्षिणेची एकही खूण नसते, असते ते नॅसॉचे तिकीट; आतला मजकूर हरवला तर ते पत्र दक्षिणेतून निघाले हे सिद्ध करणे फार कठीण.

पाठलाग अंगाशी आला की टपालाची थैली वजन बांधून समुद्रात टाकत. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत.

पकडलेले टपाल फोडावे का, यावर खुद्द लिंकन यांच्या मंत्रिमंडळात खटका उडाला. फेब्रुवारी १८६३ मध्ये ‘पीटरहॉफ’ हे टपाल नेणारे ब्रिटिश जहाज उत्तरेच्या नौदलाने धरले. नौदलमंत्री गिडियन वेल्स यांना थैल्या न्यायालयापुढे हव्या होत्या; परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांना ब्रिटनशी भांडण नको होते. थैल्या न फोडता पुढे रवाना झाल्या. माझ्या मते, त्या युद्धात खासगी पत्राची याहून मोठी बूज क्वचितच राखली गेली.

१५ जानेवारी १८६५ रोजी फोर्ट फिशर पडला, फेब्रुवारीत चार्ल्स्टन बंदर गेले. त्यानंतर टेक्ससचे गॅल्व्हस्टन तेवढे जूनपर्यंत उघडे राहिले.