कन्सोलच्या मेनूत बाण दाबल्यावर काय घडतं?

राउटर किंवा स्विच या नेटवर्क उपकरणांच्या कन्सोल पोर्टला, म्हणजे थेट केबलने सेटिंग करण्याच्या जोडणीला, संगणकाची केबल लावली की अनेक उपकरणांत अक्षरांचा मेनू उघडतो. बाणाने वर-खाली जायचं, एंटरने आत शिरायचं, एस्केपने मागे यायचं. चौकटी-रेघांमुळे तो चित्रासारखा भासतो, पण तारेतून येतात ती एकामागून एक अक्षरंच. बहुतेक अडचणींचं मूळ इथेच सापडतं.

टर्मिनल प्रोग्राममध्ये (संगणकावर हा मेनू दाखवणारा प्रोग्राम) वेग ९६०० बिट प्रति सेकंद, डेटा बिट ८, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल (एकमेकांना ‘थांब’, ‘पाठव’ सांगण्याची सोय) बंद ठेवा. काही उपकरणांना ११५२०० वेग लागतो. पडदा कोरा राहिला तर आधी एकदा एंटर दाबून पाहा. अगम्य चिन्हं उमटली तर बहुधा वेग जुळलेला नाही. मेनू दिसतोय पण कळा चालत नाहीत, अशा वेळी हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे का ते तपासा. साध्या तीन तारांच्या केबलमधून ‘पाठव’ हा इशारा येतच नाही, म्हणून संगणक थांबून राहतो. चुकून कंट्रोल-एस दाबल्यामुळे पडदा गोठला असेल, तर कंट्रोल-क्यूने सुटतो.

९६०० वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, कारण एका अक्षरामागे सुरुवातीचा १, डेटाचे ८ आणि स्टॉपचा १ असे १० बिट लागतात. २४ ओळी आणि ८० स्तंभांचा भरलेला पडदा म्हणजे १९२० अक्षरं, म्हणजेच पूर्ण २ सेकंद. तेवढ्यात घाईने दाबलेल्या कळा रांगेत थांबतात आणि पुढच्या पडद्यावर लागू होतात. नको तो पर्याय निवडला जातो तो असा. पडदा पूर्ण उमटेपर्यंत हात आवरा.

आता बाणाची कळ. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० टर्मिनलची पद्धत आजही चालते. वरचा बाण सहसा २७, ९१ आणि ६५ असे तीन बाइट पाठवतो. यातला २७ हाच एस्केपचाही बाइट. त्यामुळे २७ आल्यावर उपकरण क्षणभर थांबतं: मागून काही आलं तर बाण, नाही तर एस्केप. टेलनेटवर (केबलऐवजी नेटवर्कवरून हाच मेनू उघडण्याची पद्धत) जोडणी संथ असेल, तर उरलेले दोन बाइट उशिरा पोहोचतात. मग मेनू एक पायरी मागे जातो, कधी रकान्यात चौकटी कंस आणि ए उमटतो. ओळीपुढे आकडा किंवा अक्षर दिलेलं असेल तर बाणाऐवजी तेच वापरा, ते एकाच बाइटात जातं.

बॅकस्पेसचाही असाच घोळ होतो. कुठे ८ पाठवला जातो, कुठे १२७. आयपी पत्ता (उपकरणाचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) खोडताना विचित्र चिन्हं आली तर टर्मिनलच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये दुसरा पर्याय निवडा.

पुष्कळ उपकरणांत बदल लगेच लागू होतो, पण मेमरीत कायमचा जपण्यासाठी ‘सेव्ह’ वेगळं करावं लागतं. नेटवर्कवरून आयपी बदलला तर तुमची जोडणी त्याच क्षणी तुटते, म्हणून हे काम कन्सोल केबलवरच करावं. नवा पत्ता पिंग करून, म्हणजे त्याच्याकडून उत्तर येतं का ते तपासून पाहा, मगच सेव्ह करा. अशा उपकरणात सेव्ह करण्याआधी काही बिघडलं, तर ते बंद करून चालू केल्यावर जुनी सेटिंग परत येते.