सातच्या भोंग्याआधीची गोष्ट

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घराघरातले टीव्ही बंद होतात, मोबाईल बाजूला ठेवले जातात आणि पोरं दप्तर उघडून बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो, मग ज्याला जे बघायचं ते त्यानं बघावं. १५ ऑगस्ट २०२२ पासून हे सुरू झालं. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली आणि तीन हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या गावानं ती उचलून धरली. बातमी आधी जिल्ह्यात, मग राज्यात आणि बघता बघता परदेशी वृत्तसंस्थांपर्यंत गेली.

बहुतेक ठिकाणी मथळा एकाच धाटणीचा होता, गावानं मोबाईलला नकार दिला. हा मथळा मला पटत नाही. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यानं यंत्राला नकार दिल्याचं मला तरी कुठे सापडत नाही. उलट नवं यंत्र आलं की ते आपल्याकडे लवकर यावं यासाठी इथली माणसं धडपडलेली दिसतात. फक्त प्रत्येक यंत्र इथे आधी चारचौघांत येऊन बसलं, मग घरात शिरलं. मोबाईल हे पहिलंच यंत्र असं निघालं की ते थेट खिशात आलं. वडगावचा भोंगा समजून घ्यायचा तर हा क्रम मागून बघावा लागतो.

सुरुवात मिरजेपासून करतो, कारण ती गोष्ट आपल्याच जिल्ह्यात पुरेशी माहीत नाही. देवनागरीत छापलेली भगवद्गीता १८०५ साली मिरजेत तयार झाली. मूळ खटाटोप पुण्यात नाना फडणवीसांचा. ब्रिटिश वकील मॅलेट यांच्या मदतीनं एका तांबटाला कोरीवकाम शिकवून गीता छापायची, असा तो बेत होता. १८०० साली नाना गेले आणि काम अर्धवट राहिलं. तो कारागीर मिरजेला आला, गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि तिथे गीता पुरी झाली. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरायची, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटणार. एक काना चुकला तरी पत्रा वाया जाण्याची धास्ती. सुटे खिळे नाहीत, छापखान्याचा थाट नाही. एका तांबटाचा हात आणि एका संस्थानिकाची हौस, एवढ्या भांडवलावर हे झालं. त्या प्रती विकायला काढलेल्या नव्हत्या, त्या दान द्यायच्या होत्या. म्हणजे छापण्याची कला इथे आली ती दरबाराच्या दारातून, आणि तेव्हाच्या समाजात ती पोचली मोजक्या हातांत. हेही तितकंच खरं आहे आणि ते झाकू नये.

ती मोजक्या हातांतून बाहेर यायला पुढची शंभर वर्षं गेली. सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं. गावोगावच्या वाचनालयांत वर्तमानपत्र टेबलावर पसरलेलं, चार माणसं चार कोपऱ्यांतून ते वाचताहेत, हे चित्र आपल्या पिढीनंही पाहिलं आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला. लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी आधी तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते ही समजूत मोडायला काळ जावा लागला. १९२० साली त्याच किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याची, गिऱ्हाईकांची खबरबात देणारं ते पत्रक पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली महाराष्ट्रातलं मोठं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मोठ्या शहरापासून लांब, माळावरच्या एका वसाहतीत नांगरही घडत होते आणि मासिकंही छापली जात होती. मला या गोष्टीचा आजही अभिमान वाटतो.

त्याच सुमारास शेजारी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र जेवायची, एकत्र राबायची आणि एकत्र अभ्यासाला बसायची. अभ्यासाची ठरलेली वेळ आणि ती पाळणारी शंभर पोरं, ही गोष्ट आपल्याकडे अशी जुनी आहे. वडगावनं ती नव्यानं शोधलेली नाही.

आता रेडिओ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला इथेच दिसतो आणि तो आपण पार विसरलो.

१९५६ साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्राभोवतीच्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. उत्तर सातारा, म्हणजे आजचा सातारा जिल्हा, त्यात होता. (दक्षिण सातारा म्हणजे आजची सांगली. हे नाव १९६० मध्ये मिळालं.) दीडशे गावं निवडली. गावात साधारण वीस माणसांचं मंडळ करायचं. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेतीचा, आरोग्याचा, गावच्या प्रश्नांचा कार्यक्रम लागणार. सगळ्यांनी एकत्र बसून तो ऐकायचा, मग त्यावर बोलायचं आणि जमलं तर गावात काहीतरी करायचं. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला, पॉल न्यूराथ हे त्याचे प्रमुख अभ्यासक.

अभ्यासाची रचना मोठी शहाणी होती. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत काहीच नाही. शेवटी माणसांना विषय किती कळला ते तपासलं. मंडळ असलेली गावं कितीतरी पुढे गेली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक पडला, पण थोडा. आवाज सगळीकडे एकच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो कार्यक्रम संपल्यावर खटका बंद करून माणसं एकमेकांशी जे बोलली त्यानं. पुढे १९५९ पासून अशी मंडळं देशभर निघाली. १९६३ साली सांगलीला आकाशवाणीचं केंद्र आलं, आणि आमच्या घरच्या जुन्या माणसांना अजून सांगली केंद्रावरच्या निवेदकांचे आवाज आठवतात. पण तोवर ट्रान्झिस्टर स्वस्त झाला होता. तो बांधावर गेला, गोठ्यात गेला, सायकलच्या दांडीला लटकला. ग्रामपंचायतीपुढचा रेडिओ मुका झाला आणि मंडळही विरलं.

टीव्हीचं तसंच झालं. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या सोप्यात अख्खी आळी. पुढच्या दहा वर्षांत घरटी संच आला आणि सोपा रिकामा झाला.

संगणक मात्र परत चावडीवर आला होता, हे पुष्कळांना आठवत नाही. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या, वारणा साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प केंद्र, राज्य आणि वारणा समूहानं मिळून उभा केला. ज्या गावात फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे त्या गावात संगणक बसला. पिकाची माहिती, बाजारभाव, जमिनीचे दाखले, पोरांचं शिक्षण, आरोग्य, सगळं त्यातून मिळेल असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात शेतकरी तिथे कशासाठी गेला? उसाची नोंद, तोडीचा नंबर, वजनाची पावती, खताची उचल आणि बिलाचा हिशोब. बाकीचं स्वप्न कागदावर राहिलं, असं म्हणून हा प्रकल्प फसला असा शेरा मारणारे आहेत. मला तसं वाटत नाही. ज्याचा ऊस रानात वाळत उभा आहे त्याला तोडीची टोळी कधी येणार हे कळणं ही चैनीची माहिती नव्हे. पूर्वी त्यासाठी गट ऑफिसात खेटे घालावे लागत. आता आपल्या वजनाचा आकडा समोरच्या पडद्यावर दिसू लागला. आकडा सगळ्यांना दिसला की हिशोबाचं बोलणंही सगळ्यांत होतं.

२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधकांनी तिथलं काम पाहिलं आणि सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल बसवला. शेतकऱ्यानं संदेश पाठवायचा, उत्तर संदेशानंच यायचं. काम तेच, खर्च किती तरी कमी, आणि केंद्रापर्यंत चालत जायला नको. सोय झाली, यात शंकाच नाही. पण माझ्या मते आपल्या भागात यंत्र चावडीवरून उठून खिशात गेलं ते इथे, अगदी रीतसर. पुढे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि उरलंसुरलं काम दोन वर्षांत उरकलं.

शाळेची वाट थोडी वेगळी आहे. २०१५-१६ च्या सुमारास 'डिजिटल शाळा' हा शब्द जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर चढला. गावांनी लोकवर्गणी काढली, यात्रेचा खर्च कमी करून प्रोजेक्टर घेतले. त्यातले काही खरोखर वापरले गेले, काही वीजबिल थकल्यामुळे कपाटात गेले. त्याच वेळी सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे शाळांचा एक गट, राज्यभर गाजत होतं, आणि तिथलं साहित्य काय होतं? खडे, काड्या, मणी, चिंचोके आणि वर्गाच्या फरशीवर रंगानं काढलेल्या आकृत्या. पोरं जमिनीवर गोल करून बसायची आणि एकमेकांना शिकवायची. राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत होते. प्रोजेक्टर वाईट आणि चिंचोके चांगले, असं मला म्हणायचं नाही. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघून शिकत होती, ते महत्त्वाचं.

मग मार्च २०२० आला.

माझी पुतणी तेव्हा सहावीत होती. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो भावाच्या खिशात. भाऊ सकाळी द्राक्षबागेत औषध मारायला गेला की फोनही बागेत. ऑनलाइन तास दहाला, फोन घरी यायचा दुपारी दोनला. तिचा अभ्यास व्हॉट्सॲपच्या गटावर यायचा, तो ती रात्री जेवणं झाल्यावर वहीत उतरवायची. एका हातात फोन, बोटानं चित्र मोठं करायचं, ओळ लिहायची, तोवर पडदा काळा, की पुन्हा पॅटर्न काढायचा. पान पूर्ण झालं की त्याचा फोटो काढून बाईंना पाठवायचा. साडेदहा-अकरा वाजायचे. दिवाळीनंतर वहिनींनी गळ्यातलं डोरलं गहाण ठेवून तिला वेगळा फोन घेतला. शिक्षणासाठी घेतला, पोटाला चिमटा काढून घेतला. शाळा उघडल्या तेव्हा तो फोन परत कोण घेणार होतं? आणि कोणत्या तोंडानं?

वडगावात घडलं ते हेच. शाळा सुरू झाल्या, पण पोरं वर्गात पेंगू लागली, लिहिण्याचा कंटाळा करू लागली, आणि शिक्षकांनी ती तक्रार गावापुढे मांडली. एकट्या घरानं फोन बंद केला तर पोर शेजारी जाऊन बसतं. एकट्या आईनं टीव्ही बंद केला तर सासूची मालिका बुडते आणि घरात भांडण. म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर आधी बायकांची सभा झाली, मग ग्रामसभा. सुरुवातीला हसणारे होतेच. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दंड ठेवला नाही.

आणि भोंगा का? तर इथली माणसं पिढ्यान् पिढ्या भोंग्यावर वेळ ओळखतात. साखर कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला की सोसायटीतून दूध घालून परत फिरायचं, गुरांना वैरण टाकायची, हे अंगवळणी पडलेलं आहे. भोंगा सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. मोबाईलचा गजर ज्याचा त्याला.

मी एका संध्याकाळी तिथे एका घरात बसलो होतो. ओट्यावर आजी वाटाणे सोलत होत्या, नातू चौथीतला, गुणाकार करत होता. मध्येच मान वर करून मला म्हणाला, "काका, मी लिहितोय, पण आज्जी लई बोलती." आजीनं ऐकलं आणि वाटाण्याची शेंग त्याच्या वहीवर ठेवली. "सात शेंगा, एकेकीत सहा दाणे. किती झाले सांग." त्यानं शेंग फोडली. दाणे पाचच निघाले. मग दोघांचा त्यावरून वाद लागला आणि गुणाकार तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती मांडायलाच हवी. या दीड तासात वाचनालय कुठे आहे? साताऱ्यातल्या भिलारमध्ये ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवून 'पुस्तकांचं गाव' उभं राहिलं. कुणीही यावं, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीनं २००८ पासून सामुदायिक रेडिओ चालवून दाखवला, म्हणजे ते जुनं मंडळही मेलेलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीचं नगर वाचनालय पाण्यात गेलं, तेव्हा दीडशे वर्षांचं धन चिखलात पाहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. पुस्तकाबद्दलची माया इथे आहे. पण १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली उभी राहिलेली आपली गावोगावची छोटी वाचनालयं तुटपुंज्या अनुदानावर आणि त्याहून तुटपुंज्या पगारावर चालतात. पुष्कळ ठिकाणी ती उघडतात तेव्हा पोरं शाळेत असतात, आणि पोरं घरी येतात तोवर कुलूप लागलेलं असतं.

ज्या गावांनी वडगावचं बघून भोंगा बसवला आहे किंवा बसवणार आहेत, त्यांनी त्याच ठरावात आणखी एक ओळ घालावी, अशी माझी विनंती आहे. सात ते साडेआठ वाचनालय उघडं राहील, आणि तेवढ्या वेळाचं मानधन ग्रंथपालाला ग्रामपंचायत देईल.