फॉस्फरसयुक्त जैव विघटनशील बहुवारिके

शरीरातील पाण्याने किंवा एंझाइमांच्या क्रियेने ज्यांची फॉस्फरसयुक्त मुख्य साखळी तुटत जाते, अशी बहुवारिके (एकाच प्रकारचे लहान घटक पुनःपुन्हा जोडून बनलेले लांब साखळ्यांचे पदार्थ; पॉलिमर). औषध सावकाश सोडणारे सूक्ष्मगोल, हाड भरून येण्यासाठीचे सच्छिद्र आधार आणि लसींतील साहाय्यके (लसीचा परिणाम वाढविणारे पदार्थ) यांसाठी त्यांचा अभ्यास होतो. पॉलिफॉस्फॅझिने (मुख्य साखळीत फॉस्फरस व नायट्रोजन अणू आलटून-पालटून असणारी) व पॉलिफॉस्फोएस्टरे (साखळीत फॉस्फेट-एस्टर बंध असणारी) हे प्रमुख वर्ग होत.

पॉलिफॉस्फॅझिनांचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. लीबिग व व्हलर यांना १८३४ मध्ये फॉस्फरस पेंटाक्लोराइड व अमोनिया यांच्या विक्रियेतून थोडा स्फटिकी पदार्थ मिळाला. त्यातील मुख्य घटक सहा क्लोरीन अणूंचे वलयी संयुग असल्याचे पुढे ठरले. एच. एन. स्टोक्स यांनी १८९०–१९०० या दशकात ते तापवून ‘अकार्बनी रबर’ तयार केले. काही लेखक येथूनच इतिहास सुरू करतात. मात्र हे रबर आडबंधांनी (साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बंधांनी) जखडलेले, कशातच न विरघळणारे व दमट हवेत बिघडणारे होते. हॅरी ऑलकॉक व सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास हीच विक्रिया सु. २५०° से. तापमानास आडबंध पडण्याआधी थांबवून विरघळणारे बहुवारिक मिळविले आणि त्यातील क्लोरिनाच्या जागी हवे ते गट बसविले. वैद्यकीय उपयोग यामुळेच शक्य झाल्याने आरंभ येथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

विघटन होणार की नाही, हे साखळीच्या बाजूला जोडलेल्या अणुगटांवर ठरते. त्यामुळे ‘जैव विघटनशील’ हे विशेषण सरसकट लावता येत नाही. ट्रायफ्ल्युओरोएथॉक्सी गट असलेले बहुवारिक पाण्याला दाद देत नाही. ग्लायसीन एथिल एस्टर जोडलेले मात्र फॉस्फेट, अमोनिया, ग्लायसीन व एथेनॉल यांत मोडते. आधी एस्टर तुटून तयार झालेले अम्ल साखळीवर हल्ला करते, की पाणी थेट फॉस्फरसापासून बाजूचा गट अलग करते, याबाबत दोन्ही मार्ग सुचविले गेले आहेत. परिस्थितीनुसार दोन्ही चालत असावेत. फॉस्फेट व अमोनिया मिळून आम्लतेतील बदल रोखतात. लॅक्टिक–ग्लायकॉलिक अम्लांची बहुवारिके विघटनात अम्ल सोडतात, म्हणून त्यांच्याशी पॉलिफॉस्फॅझिनांची मिश्रणे करून पाहण्यात आली. कार्बॉक्सिलेटोफिनॉक्सी गट असलेले बहुवारिक कॅल्शियम आयनांच्या पाण्यातील विद्रावात थेंबथेंब सोडले, की साध्या तापमानालाच त्याचे जेल-गोल बनतात. उष्णता व कार्बनी विद्रावक टळत असल्याने नाजूक प्रथिने त्यांत कोंडता येतात.

पॉलिफॉस्फोएस्टरांतील बंध न्यूक्लिइक अम्लांच्या (डीएनए, आरएनए) कण्यातील बंधांसारखाच असतो. वलयी रेणू उघडून ती बनविण्याच्या पद्धतीवर पोलंडमध्ये स्तानिस्लाव्ह पेंचेक यांचे, तर औषधवाहक म्हणून त्यांच्या वापरावर अमेरिकेत के. डब्ल्यू. लिओंग यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. या वर्गातील सूक्ष्मगोलांत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगविरोधी औषध भरून अंडाशयाच्या कर्करोगात ते उदरपोकळीत देण्याच्या प्राथमिक चाचण्या झाल्या.