पावसाळी पाण्याच्या प्रदूषणाचे नियमन (सोलापूर शहर)

शहरात पडणारा पाऊस छपरे, रस्ते, बाजार आणि कारखान्यांची आवारे धुऊन नाल्यांत उतरतो. त्याच्याबरोबर वाहणारी घाण रोखण्यासाठी शासकीय यंत्रणा जे कायदे, संमतिपत्रे आणि कामे वापरतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. सोलापुरात ही जबाबदारी मुख्यत्वे दोघांची आहे : सोलापूर महानगरपालिका (नगरपालिका १८५२, महानगरपालिका १९६४) आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ (१९७०).

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. मे महिन्यात वळीव, जूनमध्ये मृगाच्या काही सरी, मग लांबलेली उघडीप आणि सप्टेंबरपासून उत्तरा-हस्ताचा जोरदार पाऊस असा इथला क्रम. उघडिपीत रस्त्यावर धूळ, गाड्यांचे तेल, टायरची झीज, जनावरांचे शेण साचत राहते. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सरीत हा साठा एकदम नाल्यात जातो. म्हणून प्रवाहाचा सुरुवातीचा भाग सर्वांत दूषित मानतात. सलग पावसाच्या कोकणात हे मोसमाच्या आरंभी घडते, सोलापुरात प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर. हे पाणी मुख्यतः आदिला नदी व शेळगी नाल्याच्या वाटेने सीनेकडे आणि पुढे भीमेत जाते.

कायद्यातील स्थान : पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र कायदा भारतात नाही. आधार आहे तो जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चा. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. केंद्रीय कायदा राज्यात १९८१ पासून लागू झाला. खरा वाद नाल्याच्या दर्जाचा आहे. गावठाणाच्या काळातला ओढा बांधून काढला, त्याला दोन्ही बाजूंनी भिंती आल्या, वर स्लॅब पडला, की तो जलप्रवाह राहतो की महापालिकेचे गटार होतो? एका मतानुसार बांधीव नाला हे नगररचनेचे अंग असून त्याची देखभाल हा महापालिकेचा अंतर्गत विषय आहे. परंतु अधिनियमाच्या कलम २ मधील ‘प्रवाह’ या व्याख्येत वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला जलमार्ग, तसेच नैसर्गिक व कृत्रिम अशी दोन्ही अंतर्गत जले येतात. वर्षातले बरेच महिने कोरड्या असणाऱ्या ओढ्यांच्या या प्रदेशात ‘तूर्त कोरडा’ हे शब्द फार मोलाचे आहेत. शिवाय १९८८ च्या दुरुस्तीने सांडपाणी किंवा औद्योगिक सांडपाणी वाहून नेणारी कोणतीही उघडी वा बंद वाहिनी ‘मलवाहिनी’ ठरली, आणि कलम २४ मधील प्रदूषक पदार्थ सोडण्याची मनाई मलवाहिनी व जमीन यांनाही लागू झाली. उघड्या गटारातील पाणी तर अधिनियमातील ‘सांडपाणी’ या शब्दाच्या मूळ व्याख्येतच समाविष्ट आहे. म्हणजे पावसाळी नाल्यात घराचे किंवा डाईंगचे (कापड रंगवण्याचे) पाणी सोडले, की तो नाला कोणत्याही बाजूने कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे बांधीव नालाही कायद्याखालीच येतो, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

डाईंग व प्रोसेसिंगच्या कारखान्यांना कलम २५ खाली मंडळाची संमती लागते. चादर आणि टॉवेलच्या या शहरात तिचे महत्त्व उघड आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील सर्वसाधारण मानकांनुसार भूपृष्ठजलात सोडायच्या पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला ३० मिग्रॅ. आणि तरंगते घन पदार्थ १०० मिग्रॅ.पर्यंत चालतात. ही मानके भूपृष्ठजल, सार्वजनिक मलवाहिनी, शेतजमीन व समुद्रकिनारा यांसाठी वेगवेगळी आहेत. रस्त्यावरून वाहणाऱ्या पावसासाठी त्यांत रकाना नाही. अमेरिकेत तेथील जलप्रदूषण कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीनंतर शहरांच्या पावसाळी वाहिन्यांनाच परवाना घ्यावा लागतो आणि १९९० च्या नियमांत एक लाखावरील शहरे आली. २०११ मध्ये साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या सोलापूरला असा परवाना लागत नाही. भारतीय नियमनातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

महापालिकेची कामे : गटारे बांधणे व राखणे हे महापालिका अधिनियमानुसार बंधनकारक कर्तव्य आहे. प्रत्यक्षात त्याचे मुख्य रूप म्हणजे पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई. जेसीबीने उपसलेला काळा गाळ, त्यातल्या कॅरीबॅग, चिंध्या आणि सुताचे गुंते काठावर निथळायला ठेवतात. तो तेथून वेळीच उचलला नाही तर वळवाच्या एका सरीत पुन्हा नाल्यात उतरतो. त्यामुळे गाळ उपसण्याइतकीच त्याच्या वाहतुकीवरही देखरेख हवी. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची २०१९ ची पर्जन्यजल-निचरा नियमपुस्तिका वाहिन्यांच्या आकाराचे गणित तपशीलवार देते, पण महापालिकांवर ती कायद्याने बंधनकारक नाही. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौ.मी. व त्यावरील भूखंडांवरील नव्या बांधकामांना पाऊसपाणी-संकलन सक्तीचे आहे. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ३३ वरून १७८ चौ.किमी. झाले, त्या भागात अशा संकलनाला वाव मोठा आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये, प्रक्रियेविना सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यांवर जागच्या जागी शुद्धीकरण सुरू न केल्यास १ एप्रिल २०२० पासून दर नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरपाई ठरवली. नाला हाच हिशोबाचा एकक मानल्याने त्याच्या दर्जाविषयीचा वाद व्यवहारात बराच मिटला.

तलाव : सिद्धेश्वर तलावाचे श्रेय परंपरेने बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांना दिले जाते. त्याचे आजचे रूप नंतरच्या काळातील भर व दुरुस्त्या धरून पाहणे योग्य. किल्ल्याला लागून असलेला हा तलाव दाट वस्तीत असल्याने आसपासचा वाहता कचरा थेट त्याच्यापर्यंत पोचू शकतो. शहराच्या उत्तरेचा एकरुख (हिप्परगा) तलाव इंग्रजी अमदानीत, १८७१ च्या सुमारास, सिंचनासाठी बांधला गेला. सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळ जागा नियम, २०१७ मधून वगळलेले असल्याने एकरुखला त्या नियमांचे संरक्षण मिळत नाही. तेथे येणाऱ्या दूषित पाण्यासाठी जल अधिनियमावरच भिस्त ठेवावी लागते.