अंड्यावरच्या कोंबडीचे खाडे

परसात दहा-बारा कोंबड्या असलेल्या घरी मार्गशीर्षात एक तक्रार हमखास ऐकू येते: दाणा तेवढाच, खुराडे तेच, पण अंडी मात्र निम्म्यावर आली. मग कोणी दाणा वाढवतो, कोणी टॉनिक आणतो आणि कोणी चांगल्या चालत्या कोंबडीवर सुरी फिरवतो. यांतले काहीही करण्यापूर्वी अंडे कसे घडते हे समजून घ्यायला हवे, कारण कोंबडीचे बरेचसे खाडे हा आजार नसून तिच्या शरीराचा क्रमच असतो.

कोंबडीचा फक्त डावा अंडाशय काम करतो. त्यातून सुटलेला बलक अंडे होऊन बाहेर पडायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतले सुमारे २० तास एकट्या कवचाला लागतात. पुढचा बलक बहुधा अंडे घातल्यावर तासाभरात सुटतो. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि ती दुपारपर्यंत गेली की एक दिवस रिकामा जातो. रोज एक अंडे ही अपेक्षाच मुळात शरीराला धरून नाही.

एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कवच मुख्यतः रात्री, कोंबडी चरत नसताना घडते, तेव्हा पोटातले कॅल्शियम पुरले नाही तर उरलेले हाडांतून येते. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर येऊ लागली की तिच्या लांब हाडांच्या पोकळीत याच कामासाठी वेगळा अस्थिसाठा तयार होतो. म्हणून शिंपल्यांचा चुरा दाण्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात, विशेषतः संध्याकाळी ठेवावा; गरज असेल ती कोंबडी तो स्वतःहून टिपते. कोकणात खाऊन उरलेल्या तिसऱ्यांची शिंपली कुटून हे काम फुकटात होते. मात्र अंड्यावर न आलेल्या पिलांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरपूर कॅल्शियमचे लेअर खाद्य देऊ नये, त्याने मूत्रपिंडे बिघडतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात शिंपले असूनही कवच पातळ येते, त्याचे कारण वेगळे आहे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. तिथे चुऱ्यापेक्षा सावली आणि गार पाणी अधिक उपयोगी पडते.

मार्गशीर्षातली घट मुख्यतः प्रकाशाची असते. कोंबडीच्या मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशींना कवटीतून झिरपणारा उजेड कळतो आणि भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. पुण्यात डिसेंबरचा दिवस मात्र जेमतेम ११ तासांचा असतो. पहाटे खुराड्यात लहानसा दिवा लावून ही तूट हळूहळू भरता येते. तरीही वर्षातून एकदा, पिसे झडण्याच्या काळात, कोंबडीला थांबू द्यावे असे माझे मत आहे. पिसे जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांची असतात, त्यामुळे या दिवसांत दिव्यापेक्षा पेंड आणि सुकट कामी येतात.

वयाला मात्र उपाय नाही. अंड्यांचे पहिले वर्ष सर्वांत भराचे. पुढे दरवर्षी साधारण दहा ते वीस टक्क्यांनी संख्या घटते, अंडे मोठे होते आणि कवच पातळ पडते. म्हणून सगळा कळप एकाच वयाचा ठेवू नये आणि दरवर्षी चार-पाच नव्या तलंगा वाढवाव्यात.

कोणती कोंबडी खरोखर थांबली आहे, हे हाताने कळते. तिला काखेत धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. दोन-तीन बोटे सहज मावली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावले तर थांबलेली आहे. पिवळ्या पायांच्या कोंबडीत रंगही पाहावा. बलकाकडे रंगद्रव्य वळत असल्याने आधी गुदद्वाराची कड, मग डोळ्याभोवतीचे कडे, मग चोच आणि शेवटी पाय फिके पडतात, आणि अंडी थांबली की पिवळेपणा त्याच क्रमाने परततो. फिक्या पायांची कोंबडी आजारी समजून विकणारे लोक आपल्या खुराड्यातली सर्वांत कष्टाळू कोंबडी विकत असतात, याचे मला फार वाईट वाटते.

राहिली खुडूक कोंबडी. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढले की अंडी बंद होतात आणि ती घरट्यावरून हलत नाही. अंडीच हवी असतील तर तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात, दाणापाण्यासह ठेवावे. पोटाखाली वारा खेळला की खुडूक मोडते. पण गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते, त्यामागे हा स्वभावही आहे, आणि वनराज किंवा गिरिराज यांसारख्या सुधारित जातींत तो फारसा उरलेला नाही. त्यांची अंडी कोंबडीखाली उबवायची तर खुडूक झालेली गावरान कोंबडीच शोधावी लागते. डालग्याखाली दहा-बारा अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी पुढच्या वर्षीच्या तलंगा तीच घेऊन उठते.