घराणं दणकट म्हणजे आयसीयूतून सुटका नक्की?

फॅमिली ग्रुपांवर जुना मेसेज फिरतो, की आयसीयूतला पेशंट वाचणार की नाही ते जीन्समध्ये आधीच ठरलेलं असतं. थोडं खरं आहे म्हणूनच तो पटतो. १९८८ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास आला, जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत इन्फेक्शनने गेलेले असतील तर मुलांनाही तसा धोका जवळपास सहापट दिसला. पण धोका वाढणं वेगळं आणि निकाल ठरणं वेगळं. सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाच्या जीनमध्ये काहींना डीएनएच्या एका अक्षराचा फरक असतो, सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन अवयव निकामी व्हायला लागतात तेव्हा, तो जिवावर बेततो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलंच नाही, कारण असे कितीतरी जीन्स थोडाथोडा परिणाम करतात आणि शिवाय वय, डायबेटिस, जंतू कुठला, अँटिबायोटिक कधी सुरू झालं हे सगळं आहेच. पडताळायचंय? आयसीयूतल्या डॉक्टरांना विचारा, सेप्सिसचा संशय आला की आधी काय बघता. बीपी, रक्तातलं लॅक्टेट (ते वाढलं की अवयवांना रक्तपुरवठा कमी पडत असू शकतो), ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते, लघवी किती झाली. जीन टेस्ट त्यात नाही.

पावसात गोव्यात सांगे-केपेकडे शेतात उतरलेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात येणारा जंतूंचा ताप) असू शकतो, तेव्हा "आमचे आजोबा नव्वद जगले" म्हणून घरी थांबू नका, आणि लघवी कमी झाली किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर रात्रीच हॉस्पिटलात न्या.